नव्वद ग्रॅमच्या बाटल्या

दार ढकलताच तिला उकडलेल्या कांद्याचा आणि साखरेच्या पाकाचा एकत्र वास आला. त्या प्रयोगशाळेत स्पिरिटशिवाय दुसरा वास येत नाही. आला, तर काहीतरी बिघडलेलं असतं.

“मावशी, ऑटोक्लेव्हमध्ये काय लावलंय?”

बाटल्या धुणाऱ्या मावशींनी वाफेच्या त्या मोठ्या कुकरकडे बघत हात ॲप्रनला पुसले. “नव्वदच्या, ताई. दोनशे उकडून झाल्या, उरलेल्या ह्या ट्रॉलीवर. साहेब म्हणाले, मेलेल्या बाटल्या अकराच्या आत रिकाम्या करून धुऊन ठेवा. पाहुणे यायचेत.”

ती तीन दिवस रजेवर होती. त्याआधीच्या आठ महिन्यांत तिने एकही रजा घेतली नव्हती. लिलीच्या कांद्याच्या पाकळ्या कापून तिने बाटल्यांतल्या जेलीवर लावल्या होत्या. निम्म्या बाटल्यांत लिटरला तीस ग्रॅम साखर, निम्म्यांत नव्वद. तीसच्या बाटल्यांत भरघोस पानं आली आणि खाली हरभऱ्याएवढे कांदे. नव्वदमध्ये पान म्हणून नाही. सगळी साखर कांद्यांनी गिळली आणि ते द्राक्षाएवढे फुगले. असं होईल हे तिच्याशिवाय कुणालाच पटलं नव्हतं. सोमवारी ते कांदे मातीत जाणार होते, आणि तिच्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

साहेब आले. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. निर्जंतुकतेचा तेवढा एक नियम त्यांना पाठ होता. दोन महिन्यांपूर्वी ते सांडपाणी खात्यातून इथे बढतीवर आले होते.

“या मॅडम! अहो, ते तुमचं रॅक बघवत नव्हतं. हिरवं काहीच नाही. पाहुण्यांना काय शोकसभा दाखवायची?”

“त्या जिवंत होत्या.”

“पानं कुठं होती?”

“पानं नकोच होती! आपण लिलीचे कांदे वाढवतो साहेब, पालेभाजी नाही.”

“हे बघा, मी स्वतः पाहणी केलीय. पिवळट गोळे होते नुसते. ती तीसची रांग बघा, कशी टवटवीत! फोटोत काय येईल!”

“तुमचा मुलगा दार लावून अभ्यासाला बसतो, पाहुण्यांपुढे येत नाही. त्यालाही उकडता का?”

मावशींनी नळ बंद केला. असलं काही ऐकताना पाणी वाया घालवू नये.

“मावशी,” साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, “ट्रॉली घ्या पुढं.”

मावशी जागच्या हलल्या नाहीत. ती ट्रॉलीच्या आडवी उभी राहिली. एक बाटली उचलली, झाकण काढलं, चिमट्याने कांदा उपसला आणि साहेबांच्या हातातल्या फाइलवर ठेवून ब्लेडने उभा चिरला. फाइलही थोडी चिरली गेली. आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, एकीला एक घट्ट चिकटलेल्या. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब.

“घ्या. हिरवं.”

साहेबांनी फाइल तशीच आडवी धरून चष्म्याजवळ नेली. मग त्यांच्या आवाजात एकदम समजूतदारपणा आला.

“मग आधी सांगायचं ना, मॅडम! मला कसं कळणार? बाटल्यांवर लिहिलंय काय, तर ‘तीस’, ‘नव्वद’. सरळ चिठ्ठी लावायची, ‘जिवंत आहे’. विषयच मिटला असता.”

तिने ट्रॉलीवरच्या बाटल्या एकदा मोजल्या. मग स्टूल ओढून बसली आणि चिकटपट्टीच्या तुकड्यांवर मार्करने लिहायला लागली. ‘जिवंत आहे.’ ‘जिवंत आहे.’ अक्षर वळणदार, एकही घाईचं नाही. मावशी चिकटवत गेल्या. साहेब दोनदा “पुरे हो, आलं लक्षात” म्हणाले. तिसऱ्यांदा “पाहुण्यांना हे विचित्र नाही का दिसणार?” म्हणाले. तोवर बाहेर गाड्यांची दारं आपटली.

सगळ्या बाटल्यांना चिठ्ठ्या लागल्या आणि एक उरली. कांदा चिरलेल्या बाटलीची.

“ही कुठं लावू, ताई?” मावशींनी विचारलं.

तिने साहेबांकडे पाहिलं. निळ्या पिशव्यांपासून वर चष्म्यापर्यंत, सावकाश, रॅकवरची बाटली पारखावी तसं.

मग तिने मावशींच्या बोटावरून ती चिठ्ठी काढून घेतली, चुरगळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.