डिस्क वाढवण्याआधी

"अहो मॅडम, डिस्कच वाढवायचीय ना? मग एवढा वेळ?" फोनवर संचालक वैतागले.

"बॅकअप ऐकल्याशिवाय मी सर्व्हरला हात लावणार नाही, सर. काही चुकलं, तर सगळ्या ओव्या जातील. गाणाऱ्या बायका आता कुठून आणू?"

लोकगीतांचं संग्रहालय रविवारी सुनंसुनं होतं. मृदुलाने हेडफोन लावून बॅकअपमधली एक ओवी उघडली. जात्याची घरघर स्वच्छ ऐकू आली. भावाची वाट पाहणारी सासुरवाशीण ओवीत उंबऱ्यापर्यंत आली, आणि गाणारी मावशी मध्येच थांबली.

"ए पोरी, सकाळपासनं माझंच ऐकतीयास. जेवलीस का न्हाई?"

प्रश्न तेव्हा ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीला होता. पण आठवडाभरात मृदुलाला तो कुणीच विचारला नव्हता.

"नाही गं मावशी," ती रिकाम्या खोलीत म्हणाली, "एवढी डिस्क वाढवते, मग जेवते."