मागचा बल्ब

भर दुपारी, उभ्या उभ्या कोंडूच्या मोटारीची बॅटरी उतरत होती. मुरबाडच्या बारकू मिस्त्रीने दिवे, भोंगा, सगळं बंद केलं, तरी वीज किती खर्च होतेय ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्याच्या एक घर खाली होता.

"एक बत्ती जळतेय रे कुठंतरी."

कोंडूने मागच्या सीटकडे पाहिलं. लढाईमुळे नवी बॅटरी मिळत नव्हती. गेल्या आषाढात आजारी रंभाला, आपल्या बायकोला, टोकावड्याहून आणताना पुढचे दिवे टिकावेत म्हणून त्याने मागच्या सीटवरचा बल्ब काढून खिशात टाकला होता.

"आंधार नका करू," ती म्हणत राहिली. मुरबाड यायच्या आत तिचं बोलणं थांबलं.

मिस्त्रीने बॅटरीची तारच सोडवली. काटा तिथेच राहिला.

कोंडूने मागे वाकून रिकाम्या होल्डरला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

होल्डर तापलेला होता.