कांताबाईनं न घेतलेला तुकडा

या रविवारीही कांताबाईनं प्रभुभोजनाचं तबक हातात घेतलं, क्षणभर धरलं, आणि येशूच्या स्मरणार्थ वाटलेल्या भाकरीचा तुकडा न उचलता शेजारणीकडे सरकवलं. देवानंद समोरच उभा होता. ख्रिस्ती मंडळीतला वडील, म्हणजे पंच, म्हणून तबक फिरवायचं काम त्याचं. गेली चार वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तबक कांताबाईच्या शेवटच्या रांगेपाशी आलं की तो नजर खाली घालायचा.

तीर्थपुरीजवळची ही मंडळी पंचवीस घरांची. एवढ्याशा गोतावळ्यात कोण काय खातं ते लपत नाही, मग कोण काय खात नाही ते कसं लपणार? बायकांनी आपापले अंदाज बांधले होते. कुणी म्हणे जावेशी भांडण मिटलेलं नाही, कुणी म्हणे बाईच्या मनात मोठं पाप आहे. कांताबाई मात्र दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन गुडघे टेकायची आणि उपासना संपली की कुणाच्या अध्यात ना मध्यात, घरी जायची.

त्या दिवशी मंडळीच्या वडिलांच्या बैठकीत कारभारी नावाच्या पंचानं विषय काढलाच. "पाळकसाहेब, त्या बाईला एकदा बोलवा अन् समद्यांसमोर इचारा. हे काय बराबर दिसून न्हाई राह्यलं."

मिथुन पाळक नवे होते, वयानंही लहान. ते म्हणाले, "समद्यांसमोर नको. देवानंदभाऊ, तिचे मालक तुमचे दोस्त होते ना? तुम्हीच जाऊन विचारा."

देवानंदनं मान हलवली. विचारायची त्याला गरज नव्हती. उत्तर त्याला पाठ होतं.

सात वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशी मंदिर सजवून झाल्यावर देवानंदनं वेदीवरची मेणबत्ती पेटवून पाहिली आणि तशीच विसरून जेवायला गेला. पडदे जळाले, बाजाची पेटी जळाली, अर्धं छप्पर खाली आलं. मंदिराची राखण कांताबाईच्या नवऱ्याकडे, सांडूकडे होती. सांडू एकेकाळचा पिणारा. प्रभूकडे वळल्यापासून थेंबाला शिवला नव्हता, पण लोकांची आठवण अशा बाबतीत फार पक्की असते. बैठकीत देवानंद म्हणाला, "सांडू पिऊन झोपल्ता. बिडी पेटतीच व्हती." सगळ्यांना पटलं. सांडूचं नाव मंडळीच्या दफ्तरातून काढून टाकलं. तो एक शब्द बोलला नाही. तीन वर्षांनी तापाचं निमित्त होऊन तो गेला, आणि त्यानंतर कांताबाई पहिल्यांदाच, एकटी, मंदिरात यायला लागली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माणसांपुढे ठीक. देवापुढे कुठली मूठ झाकली राहत नाही, असं देवानंद स्वतःच रविवारच्या शब्बाथ शाळेत पोरांना शिकवायचा. शिकवून घरी आला की त्याला जेवण जायचं नाही.

शनिवारी दुपारी तो कांताबाईच्या दारात उभा राहिला. ती अंगणात तुरी पाखडत होती.

"जय ख्रिस्त, वहिनी."

"जय ख्रिस्त. बसा, भाऊ."

तो बसला. "तुम्ही प्रभुभोजन काहून घेत न्हाई, ते इचारायला पाठवलं मला."

सूप थांबलं. कांताबाई तुरीच्या दाण्यांकडे बघत म्हणाली, "लाज वाटती सांगायला."

देवानंदला ते ऐकवेना. "तुम्हाला कशाची लाज, वहिनी? लाज तर मला पाहिजे. ती मेणबत्ती मी पेटवल्ती. सांडू पेल्ता न्हाई. मी साफ खोटं बोललो. म्हणून तुम्ही माझ्या हातचं तबक तसंच पुढं लोटता. चार वर्षं झाली, तुमच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत झाली न्हाई."

कांताबाई सूप बाजूला ठेवून उठली आणि आत गेली. देवानंद उन्हात तसाच बसला. तिनं चार शिव्या घालाव्यात, वाटलं तर पायातलं काढून मारावं, असं त्याला वाटत होतं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि हातात पाण्याचा तांब्या होता.

"हे उद्या समद्यांसमोर सांगताल?"

"सांगतो. वडीलपण बी सोडतो."

"अन् त्यांचं नाव?"

"उद्याच्या उद्या दफ्तरात परत लावायला सांगतो. त्याबिगर घरी जाणार न्हाई."

कांताबाईचे डोळे भरून आले. "ते पेले न्हाई, हे मला ठावं व्हतं. मंडळीला ठावं व्हावं, एवढंच मागून राह्यले व्हते देवाला."

"मला माफ करताल का, वहिनी?"

तिनं तांब्या त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "जाब तुम्ही देवाला द्या, भाऊ. माझ्याकडून माफ."

देवानंद रडला. म्हातारपणी असं हुंदके देऊन रडायची त्याला लाज वाटली नाही, उलट छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. पाणी पिऊन तो उठला आणि भीत भीत म्हणाला, "मंग आता घेताल ना तुकडा? माझ्या हातचा नका घेऊ, पाळकसाहेबांच्या हातचा घ्या."

कांताबाईनं पदरानं डोळे टिपले. "भाऊ, तुमचं तर मला तुम्ही आज सांगितलं तवा कळलं. बाप्तिस्म्याबिगर तो तुकडा घेता येत न्हाई, अन् माझा बाप्तिस्मा झाल्यालाच न्हाई. कुणी कधी इचारलंच न्हाई. पाळकसाहेबांना तेवढं सांगताल का?"