ते गाव कुठलं?

रविवारचं कार्टून संपलं तरी पडवीत पोरांचं भांडण मिटेना. कार्टूनमधलं गाव खरं कुठलं? “धरण हाय, म्हंजे भातसानगर!” ओमकार म्हणाला. “स्टेशन पण हाय, आटगावच ते!” भाविका हटेना. शेवटी दोघं चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या रेश्माकाकीकडे धावली. ती सासर सोडून तिसऱ्यांदा माहेरी पळाली होती. काल बाप तिला पुन्हा इथे सासरी पोचवून गेला. दरवेळी आई ओटी भरून पाठवायची. ओटीतले तीन नारळ फळीवर तसेच होते. फोडले की कायमचं इथलंच व्हायचं, असं तिला वाटायचं. “त्यातली पोरगी दर रविवारी गाव सोडून पळते ना?” तिने विचारलं. “हो! आन् घरचेच परत आणून सोडतात, लय हसू येतं!” “मंग ते आपलंच गाव.” “आपल्याइथं धरण कुठंय, काकी?” पोरं खिदळली. रेश्माने तिन्ही नारळ काढून त्यांच्यापुढे ठेवले. “घ्या, फोडा.”