पिठाची चाळण

क्लबच्या फाटकावर कुणीतरी पिठाची चाळण टांगली होती. बेकरीवाल्या सोलांजबाईंना अक्षरं जेमतेम लागत, पण हे वाचायला शाळा लागत नव्हती. त्यांच्या लोइकने गोलकीपर असताना एका अंतिम सामन्यात पाच गोल खाल्ले, तेव्हापासून ते फ्रेंच बंदरगाव त्याला चाळणच म्हणे. आज तो त्याच क्लबचा प्रशिक्षक म्हणून रुजू होत होता.

“आई, परत जाऊ या,” लोइक म्हणाला. फाटकाशी अध्यक्षांचा भाचा, सरावाला दांड्या मारून संघात मिरवणारा, दात काढत होता.

“पन्नास वर्षं पीठ चाळतेय मी. हसणाऱ्यांनीही माझाच पाव खाल्लाय.” बाईंनी चाळण काढून लेकाच्या हातात कोंबली. “गोल अडवायला ती कुचकामीच. पण आता तुला गोल कुठे अडवायचेत? कोंडा काढायचाय.”

लोइक चाळण काखेत मारून आत गेला.

संध्याकाळी संघाची यादी फाटकावर लागली, वर तीच चाळण. बाईंनी ती यादी शेजारणीकडून दोनदा वाचून घेतली. भाच्याचं नाव कुठेच नव्हतं.

“चाळण चांगली आहे,” बाई म्हणाल्या.