वहीतलं अक्षर

लेकीने लॅपटॉप पुढे सरकवला. "बाबा, आईच्या पाककृतींच्या वहीवरून फॉन्ट केलाय. काहीही टाइप करा, तिच्याच अक्षरात उमटेल."

भालचंद्ररावांनी एका बोटाने 'गोडा मसाला' टाइप केलं. ती जाऊन वर्ष झालं होतं, पण अक्षर तेच. फोडणीकडे एक डोळा ठेवून लिहिल्यासारखं, घाईचं, कललेलं.

लेक चहा टाकायला उठली, तसं त्यांनी हळूच स्वतःचं नाव टाइप केलं. बेचाळीस वर्षांत उखाण्याखेरीज तिने ते कधी घेतलं नव्हतं. लिहिणं तर दूरच.

बघून त्यांना कसंसंच झालं. ते खोडून त्यांनी टाइप केलं, 'अहो, ऐकलंत का?'

"काय गं?" सवयीने तोंडून निघून गेलं.

पुढचं मात्र त्यांनाच टाइप करावं लागणार होतं.