चांदणीची प्लेट

"एकेक तोल," आर्लीन म्हणाली, "आणि आकडा मोठ्याने वाच."

लमारचा जुना मित्र मर्ल याने वजनकाटा गॅरेजच्या फरशीवर ठेवला. तिच्या नवऱ्याला, लमारला, पुरून अकरा दिवस झाले होते. त्याचा व्यायामाचा बाक अजून तिथेच होता, कोणी हलवला नव्हता.

तो गेला त्या दिवशी रॉडवर असलेल्या सहा लोखंडी प्लेट तिने भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. सगळ्या काळ्याभोर, चकचकीत. तो रंग आर्लीनचा. नवऱ्याच्या बासष्टाव्या वाढदिवसाची भेट म्हणून, तो दोन दिवस बहिणीकडे गेलेला असताना, तिने चाळीस वर्षांचा गंज घासून काढला होता.

जुन्या प्लेट जमवणाऱ्याला याहून वाईट भेट देता येत नाही. ही माणसं गंजालासुद्धा फडकं लावू देत नाहीत. लमार मात्र "वा, काय झकास दिसतायत!" म्हणाला. तिचं मन मोडू नये म्हणून त्याने त्याच लगेच रॉडवर चढवल्या आणि दर वाढदिवसाला उचलायचा तेवढं वजन उचलायला बाकावर आडवा झाला.

रॉड एका बाजूला कलला आणि गळ्यावर आला.

"डॉक्टर म्हणाले, हात दमले असतील," आर्लीन म्हणाली. "पण तुमच्या प्लेटवाल्यांच्या क्लबातला तो टकल्या काल भेटला. म्हणतो, पाठीवरचे आकडे खरवडलेस ना? मग जोड्या कशा ओळखल्यास?"

प्रश्न बरोबर होता. गावातली लोखंड ओतणारी फाउंड्री त्या काळी हात सैल सोडून ओतायची. पुढच्या बाजूला पंचेचाळीस पौंड लिहिलेली प्लेट खरी एक्केचाळीस भरायची, नाहीतर पन्नास. म्हणून लमार प्रत्येक प्लेट तोलून खरं वजन पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहायचा. सारख्या वजनाच्या दोन शोधून त्यांची जोडी लावायचा, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"मी जोडीला जोडी चिकटवूनच ठेवली होती रे," ती म्हणाली. "रॅकवरून अंगणात न्यायला तू होतास. परत लावताना मी एकटीच, लोळवत लोळवत आणल्या. माझ्याकडून अदलाबदल झाली का, तेवढं सांग. खरं सांग. जे असेल ते असेल."

"बरं."

"आणि तू तरी त्या दिवशी अडवायचंस की मला! एरवी कोणी प्लेटवर कॉफीचा कप ठेवला तरी अंगावर येतोस."

"तू इतकी खुशीत होतीस," मर्ल म्हणाला.

त्याने पहिली प्लेट काट्यावर ठेवली.

"शेहेचाळीस."

दुसरीही शेहेचाळीस. पुढच्या दोन्ही चव्वेचाळीस. पाचवी एकोणपन्नास. आर्लीन काट्याकडे बघतच नव्हती. ती बाकाकडे बघत होती.

सहावी उचलताच हाताला कळलं. सवयीने त्याचा अंगठा मधल्या भोकाखाली फिरला. मग त्याने ती काट्यावर ठेवली. काटा एक्केचाळीसवर थांबला.

"एकोणपन्नास," मर्लने वाचलं.

"नक्की?"

"नक्की. जोड्या बरोबर आहेत. तुझ्याकडून काहीही चुकलेलं नाही, आर्लीन."

ती उलट्या बादलीवर बसली आणि रडली. अकरा दिवसांत ती पहिल्यांदाच रडत असावी. मर्ल शेजारी उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा हे त्याला कळत होतं, म्हणून त्याने ठेवला. त्याला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. अंत्यसंस्कारातही वाटलं नव्हतं. शवपेटीला खांदा देताना त्याच्या मनात वजनाचा अंदाज तेवढा येऊन गेला होता.

"आज झोप लागेल मला," ती डोळे पुसत म्हणाली. मग तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे त्याच्या टेबलात होतं. वाच."

लमारचं अक्षर होतं. चांदणीची प्लेट मर्लला द्यावी. तीस वर्षं माझं डोकं खाल्लंय त्याने.

फाउंड्रीने पहिल्या दिवशी चाचणीसाठी दोनच प्लेट ओतल्या होत्या, भोकाखाली उठावाची चांदणी असलेल्या. एक मर्लला भंगारात मिळाली, दुसरी लमारला शाळेच्या लिलावात. दर रविवारी त्यावरून जुंपायची. "वीक की रे, कंजूष!" मर्ल म्हणायचा. "तूच वीक. नाहीतर मी मेलो की घेऊन जा," लमार म्हणायचा. दोघांनीही विकली नाही. आपापल्या चांदणीसाठी तेवढ्याच वजनाची साधी प्लेट शोधून दोघं भागवत राहिले.

"तारीख बघ," आर्लीन म्हणाली. "गेल्या वर्षीची आहे. तुला कधी बोलला नाही ना? असाच होता तो. आता जोडी पूर्ण कर बाबा. या सहातच आहे ती. रंगाखाली मला चांदणीबिंदणी काही दिसत नाही. तूच ओळख."

मर्लने सहावी प्लेट उचलली.

"हीच," तो म्हणाला.

तिने आग्रहाने ॲपल बटर लावलेला पाव खायला लावला. त्याने खाल्ला. मग प्लेट गाडीत ठेवून तो घरी गेला.

तळघरात दिवा लावून त्याने ती काळी प्लेट फरशीवर ठेवली. त्याच्या साध्या प्लेटच्या चळतीत, आर्लीनच्या प्लेट अंगणात नेल्या त्या दिवसापासून, एकीची जागा रिकामी होती. तिथे ती बरोबर बसली. वर भिंतीवर चांदणीच्या दोन प्लेट शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या, गंजासकट. त्याने उजवीकडची उलटी केली. पाठीवर लमारच्या हातचा पांढरा आकडा होता, एकोणपन्नास.